आम्हा दोघांचे, एकाच्या सहीने

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, धंद्याने छापखान्यातला जुळारी, शिशाचे खिळे जुळवण्यात उभा जन्म घातलेला, हे मृत्युपत्र उजव्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. म्हणजे बोलणारी अर्धी बाजू आहे. दुसरीबद्दल शपथ घेणारा मी कोण?

नऊ वर्षांपूर्वी फिट्स थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी मेंदूच्या दोन भागांमधला दुवा कापला. तेव्हापासून डावा हात माझे ऐकत नाही. मी मांजर हाकलतो, तो तिला जवळ ओढतो. बायको त्याला ‘भाऊजी’ म्हणते. पूर्वी मी हसत असे.

१. राहते घर बायकोला. थोरल्या भावाने त्यात नाक खुपसू नये. ऑपरेशननंतर तो माझ्यादेखत म्हणाला होता, “आता याला विचारून काय उपयोग?” त्याला डाव्या हाताने थोबाडीत दिली. माफी मी मागितली होती, ती परत घेतो.

२. बँकेतली ठेव आणि खिळ्यांच्या पेट्या मुलीला. पेट्या मोडीत घालू नयेत.

३. हे कलम लिहायला चार दिवस लागले. फिट्स परत आल्या आहेत, दिवसाला वीस-वीस. उद्या मेंदूची उजवी, म्हणजे डाव्या हाताची बाजू काढणार. नाही काढली तर वर्ष निघणार नाही. डॉक्टर म्हणतात, “काळजी करू नका, तुम्ही तुम्हीच राहाल.” मी राहीन हो. पण डावा हात चालवणारा तो?

मुलगी म्हणाली, “बाबा, तिथे कुणी नाहीये. तुमचाच हात आहे तो.” म्हणून रविवारी घरी खिळ्यांची पेटी पुढ्यात घेतली आणि मुलीलाच त्याला विचारायला लावले, ऑपरेशन करायचे का. कुठले अक्षर पेटीतल्या कुठल्या घरात, हे त्यालाही माझ्याइतकेच पाठ. त्याने चाचपून जुळवले: नको. मुलगी रडत आत गेली. मला जगायचे आहे. त्यालाही. एवढेच आमचे एकमत.

४. मांजर त्याची आहे, तिला बायकोने सांभाळावे. बायको आजारी असताना रात्ररात्र तिच्या कपाळावर हात ठेवून तो बसला. ते कौतुक मी खिशात घातले. आज ते त्याच्या नावे करतो. याहून जास्त मला काही सुचत नाही, आणि हे फार थोडे आहे.

‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे लिहायचे असते म्हणे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. त्याच्यावर आहे, माझे. ऑपरेशनच्या संमतीवरही मी आत्ताच सही केली आहे. ती सही वेडीवाकडी आली, कारण त्याने माझे मनगट धरले होते. हीही तशीच येईल.

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खाट अकरा
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी तीन
सही: (उजव्या हाताची)

साक्षीदार:
१. वॉर्डातील नर्स. सही माझ्यासमोर झाली.
२. खाट बारावरील सुतार. सही माझ्यासमोर झाली. मनगट सोडवायला मी मदत केली. फार जोर लावावा लागला.