उरलेला हार

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या फोटोंच्या फ्रेमा आल्या! बावीसच्या बावीस. शिरूर, दौंड, रांजणगावचे रस्ते आता भिंतीवर चढणार. कंपनीतून सुटले ती थेट फ्रेमवाल्याकडे, जेवणसुद्धा विसरले. सगळ्यांत मोठी फ्रेम गेणबामामांची — एसटी स्टँडसमोरचे भेळवाले. कांदा चिरताना डोळ्यांतून धारा आणि तोंडभर हसू.

आप्पांना म्हटलं, शनिवारी माझ्या प्रदर्शनाचं उद्घाटन, याल ना? "भिंतीवरचं फोटू बघवत न्हाईत मला." झालं! विषय बंद.

मी चार वर्षांची असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. कितीदा विचारलं, आप्पांचं एकच — "न्हाई." म्हणून तर दिसेल त्या माणसाचा फोटो काढत सुटते मी. हे आप्पांना कळू नये?

६ नोव्हेंबर, गुरुवार

सेकंड शिफ्ट. आप्पा अजून हो म्हणेनात. मीही आता विचारणार नाही. उद्या एकदा विचारीन फक्त.

८ नोव्हेंबर, शनिवार

हसून हसून पोट दुखतंय!

बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसाठी हार आणले होते. त्यातला एक उरला. कंपनीत माझ्या लाइनवरचा महेंद्र म्हणजे कामाला वाघ, डोक्याने — असो. वाया कशाला घालवायचा, म्हणून पठ्ठ्याने तो मधल्या मोठ्या फ्रेमला घातला. गेणबामामांना! मी दारात पाहुण्यांच्या स्वागताला, मला पत्ताच नाही.

लोक आत शिरले की चपला काढून हात जोडायला लागले. "कवा गेलं वं?" "परवा तर भेळ खाल्ली की त्यांच्याकडं!" भाजीवाल्या ताईबाईंनी तर पदर डोळ्याला लावला. आणि तेवढ्यात खुद्द गेणबामामा हजर! इस्त्रीचा शर्ट, हातात सगळ्यांसाठी भेळ.

"कोण गेलं गं, ताईबाई?"

ताईबाई किंचाळल्याच!

किंकाळी ऐकून मी आत धावले. जित्या माणसाच्या फोटोला हार — मामा आता माझं तोंड बघायचे नाहीत. ते फोटोसमोर उभे राहिले. मग हार काढला आणि महेंद्रच्या गळ्यात टाकला. "हार काढला की मानूस जित्ता! बघा, फोटूत कसा हसतोय गडी!" सगळा हॉल खदखदून हसला.

आणि दारात कोण? आप्पा! कधी आले कुणास ठाऊक. ते मात्र हसत नव्हते. मामांच्या फोटोकडे एकटक बघत होते. मला न भेटताच निघून गेले. लागलं थोडं. पण आले! आले ना!

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी जुनं पाकीट. आत आई! दौंड स्टेशनच्या बाकावर, हातात अर्धा खाल्लेला पेरू, तोंडभर हसणारी. मी हसतेय का रडतेय, मलाच कळेना — गेणबामामांसारखं, पण कांद्याशिवाय.

आप्पा खाली मान घालून म्हणाले, "भिंतीला लावला आस्ता तर हार घालावा लागला आस्ता. माझ्याच्यानं झालं न्हाई. तू लाव. बिनहाराचा."