चाचणीतल्या गोळीचा त्रास इतर रुग्णांना कळवण्याबाबत व यजमानांचा फोटो उतरवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, एथिक्स कमिटी,
सुधन्वा रुग्णालय, बडोदे.

विषय: वरीलप्रमाणे.
संदर्भ: मला रुग्णालयात प्रवेशबंदी केल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. माझे यजमान श्री. वामन सबनीस हे निवृत्त चित्रकला शिक्षक. नेहमीच्या गोळ्यांनी त्यांची साखर आटोक्यात येत नव्हती, म्हणून आपल्याकडील डॉ. उन्मेष कारखानीस यांनी जोडीला एक नवी गोळी चाचणी म्हणून सुचवली. त्रास झाल्यास ताबडतोब थांबवू, असे त्यांनी आम्हा दोघांसमोर सांगितले. त्या भरवशावर यजमानांनी सही केली.

२. साखर उतरली, हे मान्य. पण अन्न पोटात ठरेना. वरणाचे पाणीही उलटून पडे. मी फोन केला की "आकडे छान येतायत काकू, आत्ता सोडू नका" एवढेच उत्तर. शेवटी घडियाळी पोळ या गल्लीत भाजी घेताना ते कोसळले. दुकानदारांनी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेले. अंगातले पाणी आटून मूत्रपिंडांवर ताण आला होता. तिथल्या डॉक्टरांनी गोळी बंद केली.

३. डॉ. कारखानीस तिथे आले. यजमानांच्या हाताला सलाईन, ओठ फुटलेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "साखर किती सुंदर आलीय!" महोदय, अन्नावाचून पडलेल्या माणसाची साखर सुंदरच येणार. मग, आपण स्वेच्छेने चाचणी सोडत आहोत, असे त्यांनी लिहून मागितले. यजमान म्हणाले, "मी सोडली नाही. तुम्ही मला आडवा केलात." त्यांनी लिहून दिले नाही.

४. ते घरी येऊन जेमतेम पेज घेऊ लागले, तोच रावपुऱ्यात आपल्या रुग्णालयाचा फलक लागला. त्यावर यजमानांचा, ओळखपत्रासाठी म्हणून काढलेला फोटो, आणि खाली "साखर हरली, मी जिंकलो!" असे छापलेले. हे वाक्य ते कधीही बोललेले नाहीत. मी कार्यालयात गेले, तर तिथल्या बाई फोटोचेच कौतुक करत म्हणाल्या, "बेन, फोटो तो सरस आव्यो छे ने!" वर यजमानांना रुग्णालयाच्या समारंभात दोन शब्द बोलण्याचे आमंत्रण दिले. किळस हा शब्द अर्जात शोभत नाही. दुसरा सापडत नाही.

५. ती गोळी आजही दिली जात आहे. म्हणून चाचणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्यांना मी घडले ते सांगितले. त्यांच्यातल्या, वाडी भागात राहणाऱ्या नीराबेन रडू लागल्या. त्यांनाही उलट्या होत होत्या, आणि त्यांनाही आकडे छान असल्याचेच सांगितले होते. त्या गोळी न घेता घरी गेल्या. मला रखवालदाराने बाहेर काढले.

तरी फोटो उतरवावा, यजमानांच्या आजारपणाची चौकशी करावी आणि गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला हे कळवावे. मला आत येता येणार नाही, ठीक. रुग्णालयाचे फाटक रस्त्यावर उघडते, आणि रस्ता आपला नाही. सोमवारपासून मी तिथे उभी असेन. सांगण्याचे काम आपल्या समितीने हाती घेतले, की मी घरी जाईन.

आपली, अजून तरी नम्र,
सौ. मालविका वामन सबनीस
रावपुरा, बडोदे.
दि. १४ फेब्रुवारी २०२५