सुट्ट्यांपुढचा अंडरस्कोअर

बुधवार, १४ जुलै २०१०. नवीन पनवेल, संध्याकाळ.

हॉल बुकिंगची वेबसाइट करणाऱ्या रंजनाला आज ऑफिसात सगळ्यांदेखत बोललो, ते राहून राहून टोचतंय. ती वापरते त्या माझ्या कॅलेंडरच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, सुट्ट्यांची यादी ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या नावापुढे अंडरस्कोअर (_) आहे. म्हणजे खाजगी, हात लावू नये. पाठशाळेत गुरुजी ‘निषिद्ध’ म्हणाले की आम्ही हात लावत नसू, निदान त्यांच्यासमोर. हिने सरळ लावला. एका हॉलची सोमवारची सुट्टी तिथे लिहिली, बाकीच्या सगळ्या पुसल्या गेल्या आणि दिवाळीला बंद असणारा हॉल बुकिंगला खुला झाला.

“सर, सुट्टी वाढवायचं फंक्शन तुमी दिलंच नाय, मी काय करू?” उरणची आहे, घाबरत नाही. “एवढं सोवळं होतं तर कुलूप लावायचं. उद्या काढूनच टाकते तुमची लायब्ररी.”

म्हणून कुलूप लावायला बसलो. व्हेरिएबल क्लोजरमध्ये, म्हणजे एका फंक्शनच्या पोटात टाकलं, बाहेरून दिसेनासं झालं. पण प्रोटोटाइप या साच्यावरची फंक्शनं सगळ्या कॅलेंडरांची सामाईक, त्यांनाही ते दिसेना. ती प्रत्येक कॅलेंडरला वेगळी द्यावीत? पान जड होईल. मग खाजगी हवं की हलकं? कळत नाही.

आणि पहिलं मोडलं ते लायब्ररी कशी वापरावी हे दाखवणारं माझंच नमुन्याचं पान. तिथे तीनदा मीही अंडरस्कोअरला थेट हात लावला होता. फंक्शन नव्हतं, मी तरी काय करणार!

क्लोजर की प्रोटोटाइप, अजून ठरत नाही. रंजनाला हवं ते फंक्शन तेवढं लिहून झालं, चार ओळींचं. माफीचं एक वाक्य मात्र सुचत नाही.