ह्यांचा उजवा हात

६ जानेवारी

बारामतीच्या दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं. जीव वाचला, लकव्यात उजवी बाजू गेली. हात कुणाचा तरी उसना आणल्यासारखा मांडीवर पडून. अख्खं निरवांगी गाव येऊन चहा पिऊन गेलं. "लीलाबाई, तुमी खंबीर हाय म्हणून!" — खंबीर कसली? दुसरं करणार काय?

९ जानेवारी

व्यायाम शिकवायला नौशीन मॅडम आल्या. म्हणाल्या, हात हलत नसला तरी मनात हलवायचा. डोळे मिटून रोजचं काम करतोय असं नीट बघायचं, म्हणजे मेंदूला वाट सापडते. पण जवळच्या माणसानं शेजारी बसून सांगत राहायला हवं.

"काकू, तुमचाच आवाज बरा."

लग्न झाल्यापासून "तू गप बस" ऐकतेय, आता म्हणे माझाच आवाज बरा!

मग त्यांनी विचारलं, हात कुठल्या कामात तरबेज होता? लेक युवराज लगेच म्हणाला, "दारं मोडण्यात. आबासारखं उसाला पाणी कुनी देत न्हाय." सून श्रेया खाली बघत बसली. हा हात कशात तरबेज होता ते माझ्या डाव्या कानाला विचारा. एका थपडेत गेला तो, अजून धड ऐकू येत नाही.

१० जानेवारी

सगळे बसले होते. मी सांगत गेले — "पाणी आलंय. खोरं उचला. बांध फोडा. सरीत पाणी सोडा." ह्यांचे डोळे मिटलेले, कपाळावर घाम. युवराजच्या डोळ्यांत पाणी. बापावर भारी जीव! बोटसुद्धा हललं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. ह्यांच्या तोंडात तिळगूळ घातला. जीभ जड झालीय, म्हणून घर गोड आहे.

१८ जानेवारी

दुपारी घरात दोघंच. 'पाणी आलंय' म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं — "लाईट गेली. मोटर बंद. खोरं राहू द्या, आडवे व्हा."

ह्यांनी ऐकलं! हात आणखी सैल पडला.

वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट मस्त झोप लागली.

२५ जानेवारी

आज पुन्हा लाईट गेली.

२ फेब्रुवारी

चारचौघांत पाणी येतं, दोघंच असलो की लाईट जाते. नौशीन मॅडम बुचकळ्यात — "एवढ्यात बोटं तरी हलायला हवी होती." मी म्हटलं, नशीब! बिचारी तोंड पाडून गेली. तिचा काय दोष? पण हा हात उठला तर आधी कुणावर येणार, हे तिला सांगू कसं? गावात ह्यांना म्हणतात, "आप्पासाहेब म्हंजी देवमाणूस". पंगतीत आग्रह करकरून वाढणारा! आणि मी? नवऱ्याचा हात मारून ठेवणारी. असू दे.

२१ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर "खोरं उचला" म्हटलं आणि हात उठला! पार खांद्यापर्यंत. युवराज ओरडला, "आई, बघ! बघ!" टाळ्या सुरू झाल्या. माझे दोन्ही हात तोंडावर आडवे, मान खाली — कधी गेले कळलंच नाही. पदर सावरल्याचं सोंग केलं. युवराजला काही कळलं नाही. श्रेयाच्या टाळ्या मात्र मध्येच थांबल्या.

२२ फेब्रुवारी

भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, श्रेयानं विचारलं, "आई, आबाबी मारायचं तुमाला?"