टीनाच्या आईले आणायची जीप

२४ ऑगस्ट, सकाळ
साळा हेमेंद्र मोटरसायकलवर आला आणि तिजेच्या सणासाठी टीनाच्या आईला माहेरी घेऊन गेला. आमच्याकडची रीत सरळ आहे. भाऊ नेतो, नवरा आणतो. जाताना म्हणाली, लवकर या घ्यायले, पाऊस वाढला का नाल्यावरचा रपटा बुडते. पॉइंट बरोबर आहे. मागच्या वर्षी माझी जीप त्याच बुटक्या पुलावर नाल्याच्या पाण्यात फसली आणि हेमेंद्रनं बैल जुंपून ओढली. अख्खं गाव काठावर उभं राहून हसलं. यंदा नाही. यंदा जीपला लिफ्ट किट. डायरेक्ट चार इंच वर.

२८ ऑगस्ट
कोहमाऱ्याला मुन्ना मिस्त्रीकडे जीप टाकली. लांब शॉकअप, जाड कमानपाटे, मोठे टायर. मुन्ना म्हणे, आठ दिन में हाथी बना दूँगा. म्हणजे नवव्या दिवशी टीनाची आई घरात. प्लॅन पक्का.
भात स्वतः रांधला. खाली लागला. वरचा चांगला होता.

९ सप्टेंबर
पाटे आले, शॉकअप नाही. तिचा फोन, कधी येता? मी शॉकअपचं काम काय असते ते नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून म्हणे, बसनं या ना. तिला सस्पेन्शनमधलं कळत नाही. तिचा दोष नाही.

१७ सप्टेंबर
शॉकअप आले. छोटे. मुन्ना म्हणे, चल जाएगा. परत पाठवले. मी क्वालिटीचा माणूस.
शेजारचा बिसराम विचारून राहिला, वहिनी काऊन नाही आली अजून? म्हटलं, पार्ट यायचा आहे. 
संकल्प: उद्यापासून रोज आंगण झाडायचं.

१८ सप्टेंबर
पाऊस. झाडणं सोमवारपासून.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला घरोघर फिरलो. सगळे तिचंच विचारतात. घरी आलो तर ओवाळायला कोणी नाही. सोन्याची पानं खिशातच सुकली.
तिचा फोन. सकाळपासून तयार होऊन बसली होती म्हणे, वाटलं दसऱ्याले तरी याल. मी म्हटलं, जावयानं मोटरसायकलवर येणं शोभत नाही, येईन तर जीपनंच. तिनं फोन ठेवला. म्हणजे पटलं.

१४ ऑक्टोबर
फिटिंग झालं! काय रुबाब! बाजारातून आणली तर लोक वळून वळून पाहत होते. फक्त ब्रेकचा पाइप तोकडा पडला आणि स्टेअरिंग थरथरते. मुन्ना म्हणे, उठाया है तो थोड़ा तो हिलेगा. उंचीमुळं आता गाडी ठेवायच्या छपरीतही शिरत नाही. जीप बाहेर, मी आत.
खरं सांगायचं तर संध्याकाळी बिलकुल करमत नाही. घरात माझ्याच चपलेचा आवाज येतो. असो. ब्रेक झाला का निघालोच.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
दिवा लावला. एकच. टीना नागपूरला नोकरीला असते, दिवाळीला येणार होती. फोनवर म्हणे, आईच नाही तर तिकडं कायले येऊ? सरळ आजीकडं गेली. आजकालच्या पोरी फटकळच.
ब्रेक कालच झाला. पण भाऊबीजेच्या तोंडावर बहिणीला भावाकडून उचलून आणणं बरं दिसत नाही. कारण चांगलं सुचलं.

२६ ऑक्टोबर
निघालो! नवा शर्ट. तिचे गुडघे दुखतात, चढता येणार नाही, म्हणून पाय ठेवायला घरचा पाट घेतला. मला सगळं सुचते, लोक म्हणत नाहीत एवढंच.
नाला कोरडा ठणठणीत. रपट्यावर कोणीतरी धान वाळू घातलं होतं. एक बाई शिव्या देत झाडूनं ते बाजूला सारत होती. तेवढा वेळ मी हाथी बंद करून बसलो.
आंगणात सासूबाई. जीपकडं पाहिलंच नाही. म्हणाल्या, आज येतीन, उद्या येतीन म्हणून पोरगी दोन महिने वाटेकडं पाहून राहिली, जावई. काल टीनासंगं नागपूरला गेली. सायकलवर आले असते तरी आली असती.
चहा प्यायलो. हेमेंद्र समोरच बसला होता. तो चिडवेल म्हणून वाट पाहिली. त्यानं चिडवलंच नाही. उलट गाडीपर्यंत पोचवायला आला.

२७ ऑक्टोबर
फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. रागात नव्हती. जेवले का, विचारलं. हो म्हटलं. मग म्हटलं, नागपूरला येतो, बसनं येतो, उद्याच येतो. ती म्हणाली, आता घ्यायले नका येऊ.
फार बरं वाटलं. म्हणजे आपली आपणच येणार! लगेच बिसरामला सांगून आलो.
आत्ता ताटावर बसल्या बसल्या पुन्हा आठवून पाहिलं. तसं नाही म्हणाली ती.