मधून पाणी जाऊ द्या

बाबा, संग्रहालय बांधून झालं. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, त्याच उतारावर. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. काम जवळपास तितकीच वर्षं रखडलं. रस्त्यावरून आधी डोंगर दिसतो, इमारत नंतर. भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या, करवंदीच्या जाळ्यांपेक्षा फार उंच नाहीत. जुने नांगर, इरली, मासे धरायच्या टोपल्या आत मांडल्यात. इमारतीचे दोन भाग आहेत आणि मधून पावसाळ्यात ओहोळ वाहतो. लोक तिथेच थांबून फोटो काढतात.

माझ्या पहिल्या नकाशात तो ओहोळ नव्हता. मी मोजणी मे महिन्यात केली होती, जमीन कोरडी होती, आणि पाण्याची पाहणी पूर्ण झाल्याचं मी आमच्या ऑफिसच्या साहेबांना कळवलं होतं. तुम्ही कंपनीची पहिली पाळी संपवून मोरिवलीहून मला स्कूटरवर तिकडे सोडायला आलात. मी नकाशा उलगडतेय, आणि तुम्ही करवंदीच्या जाळीत गुडघाभर उंचीवर अडकलेलं वाळकं गवत उपसताय. "पोरी, हे गवत हितं कोनी आनून ठेवलं? पान्यानं. दोन पाय टाकून बसव तुजी बिल्डिंग, मधून पानी जाऊ दे." मागून साहेब आले. म्हणाले, "वा! हे कोण?"

मी म्हणाले, "मोरिवलीचे एक काका आहेत. इथली माहिती आहे त्यांना."

तुम्ही हातातल्या गवताकडे बघितलंत. "हां साहेब. मॅडमना वाट दाखवायला आलो."

तुमच्या शर्टावर केमिकलचे डाग होते, म्हणून मला लाज वाटली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. चूक माझी होती आणि ती माझ्या बापाने पकडली, हे साहेबांना कळायला नको होतं. परतताना तुम्ही म्हणालात, "मॅडम, धरून बसा. पडलात तर तुमच्या आईला काय सांगू?" मी हसले. तुम्ही हसलात का, ते मागून दिसलं नाही. घरी तुम्ही कुणालाच काही बोलला नाहीत. मीही नाही.

परवा संग्रहालयाच्या दाराजवळच्या फलकाचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. त्यात लिहिलंय, 'ओहोळाची जागा मोरिवलीच्या एका शेतकरी काकांनी दाखवली.' मी पेन्सिलीने 'मोरिवलीच्या एका शेतकरी काकांनी' खोडून वर 'माझ्या वडिलांनी' लिहिलं. अक्षर नीट आलं होतं. आज सकाळी छपाईवाल्याचा फोन आला, "मॅडम, काही बदल आहे का?"

मी म्हणाले, "नाही."