पाणी न पिण्याची शिकवण

मंगळवार, संध्याकाळ

आज भोईवाडा कोर्टाबाहेर आमची रिपोर्टर रेवती तापानं फणफणून कोसळली. मीच तिला दवाखान्यात नेलं. लघवीचं इन्फेक्शन, किडनीपर्यंत पोचलेलं. डॉक्टर ओरडल्या, "पाणी का पीत नाहीस?"

रेवती माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडमनीच शिकवलंय. बाहेर टॉयलेट मिळत नाही, ड्युटीवर पाणी प्यायचं नाही."

तक्रार नव्हती तिची, कौतुकच होतं. प्रत्येक नव्या मुलीला हे मी अभिमानानं सांगत आले. ऑफिसकडे टॉयलेटची सोय मागायचं मला सुचलंच नाही? की कटकटी बाई म्हणतील याची भीती?

तेवढ्यात तिची आई आली. माझे हात धरून म्हणाली, "तुम्ही आहात, म्हणून हिची काळजी नाही."

खरं सांगायला हवं होतं. "येते," एवढंच म्हणून निघाले.